मुळं कापलेली अळंबी

सौम्यानं तिसऱ्यांदा ताट पुढं सरकवलं आणि स्वरूपाचा घास हातातच राहिला.

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. साडेचार वर्षांची पोर, वजन तेरा किलोच्या आत-बाहेर. एलकेजीच्या बाईंनी हेल्थ कार्डावर त्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केलेला, डॉक्टरांनी तीनदा टॉनिक बदललेलं. बेळगावात, वडगावच्या घरी, एक चपाती संपवायला पाऊण तास लागायचा. तीही मम्मीच्या हातनं, आणि प्रत्येक घास मम्मीनं आधी चाखून, मग फुंकून दिला तरच. ‘भूक लागली’ हे शब्द या पोरीच्या तोंडून स्वरूपानं आजवर ऐकले नव्हते. आणि आज जांबोटीच्या पुढच्या या वाडीत, आजीच्या चुलीपुढं मांडी घालून, तीच पोर आपल्या हातानं तांदळाची भाकरी मोडत होती, रश्श्यात बुडवत होती, वर बोटं चाटत होती.

पण रस्सा अळंब्यांचा होता.

स्वरूपाचं माहेर निपाणीचं. तिथं पावसाळ्यात बांधावर छत्रीसारखं काही उगवलं की आई ते चपलेनं तुडवायची आणि पोरांना हात धुवायला पिटाळायची. पुढं बी.एस्सी.ला एक धडा होता. त्यातलं परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं ती विसरली होती, एक गोष्ट मात्र डोक्यात रुतून बसली होती. काही विषारी अळंबी हुबेहूब चांगल्यासारखी दिसतात, आणि त्यांचा परिणाम कळायला सहा-आठ तास लागतात. तोवर माणूस हसतखेळत असतं.

पित्त झालंय म्हणून तिनं स्वतः ताक-भातच घेतला होता. सासूबाईंनी, म्हणजे मालुबाईंनी, नुसती तिच्या दिशेनं मान वळवली आणि पळी परत पातेल्यात घातली.

“खाऊ दे गं,” तिचा नवरा दिग्विजय म्हणाला. “तुझं तोंड बघून पोरीच्या घशातनं घास उतरायचा न्हाय.”

तो बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर होता. रविवारची सुट्टी साधून, श्रावणातली उघडीप बघून, त्यानं दोघींना मोटरसायकलवर घालून इथं आणलं होतं. हट्ट त्याचाच. लहानपणी या दिवसांत आई करायची तसा अळंब्यांचा रस्सा त्याला हवा होता. अख्ख्या वाटेवर तो त्या रश्श्याचंच बोलत होता आणि मागं बसलेली स्वरूपा वळणं मोजत होती.

सकाळी मालुबाई, दिग्विजय आणि सौम्या वारुळाकडं गेले होते. रस्त्याच्या अलीकडं, शेताच्या कडेला ते वारूळ. मालुबाई सून म्हणून आल्यापासून अळंबी फक्त तिथलीच आणायच्या, दुसरीकडचं कुणी फुकट दिलं तरी घ्यायच्या नाहीत. या घरची आणखी एक रीत होती. वर्षाचं पहिलं अळंबं घरी आणायचं नाही. ते वारुळापुढं परत ठेवायचं, वर चिमूटभर तांदूळ घालायचे. आज तेही करून आल्याचं दिग्विजयनं कौतुकानं सांगितलं होतं.

टोपली आली तेव्हा स्वरूपा परसात कपडे वाळत घालत होती. अळंब्यांना वीत-वीतभर मुळं, त्यांना लाल चिखल. ते बघूनच तिला कसंतरी झालं. सासूबाई चुलीला लाकडं घालत होत्या तेवढ्यात तिनं टोपली हौदावर नेली, विळीवर मुळं छाटून उकिरड्यावर टाकली, अळंबी चार पाण्यांतनं धुतली आणि पांढरीशुभ्र ताटात मांडून आणली. मालुबाईंनी ताटावरनं हात फिरवला. क्षणभर त्यांची बोटं थांबली. “लई स्वच्छ केलीस,” एवढंच म्हणाल्या.

जेवणं झाली. सौम्या आजीच्या गोधडीवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. दुपारी ती कधी झोपत नसे. स्वरूपानं तिच्या कपाळाला हात लावला, पोटावर हात ठेवून श्वास मोजला. पोट भरलं की पोरं झोपतात, असं तिनं स्वतःला दोनदा समजावलं.

दिग्विजय ओट्यावर सकाळचे फोटो बघत बसला होता. त्यानं मोबाईल तिच्याकडं दिला, बघ म्हणाला, कसली हसतीया. फोटोत सौम्या वारुळाच्या बाजूला उभी होती. दोन्ही हातांनी एक अळंबं धरून, बक्षीस मिळाल्यासारखी.

स्वरूपानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. अळंब्याच्या दांड्याला मधोमध एक कडं होतं. बांगडी घातल्यासारखं. छत्रीची एक कड कुरतडलेली. आणि खाली वीतभर मूळ नव्हतं. दांडा बुडाशी गोल, कांद्यासारखा.

धड्यातल्या विषारी अळंब्याचं विसरलेलं चित्र तिला आता आठवलं, असंच कडं, असंच गोल बूड. तिनं चाळीस-पन्नास अळंबी कापली होती. त्यांतल्या एकाला तरी कडं होतं का? आठवेना. तिनं चिखल बघितला होता, अळंबी बघितलीच नव्हती.

हे सौम्यानं कुठनं काढलं, तिनं नवऱ्याला विचारलं. दिग्विजयला नीटसं सांगता येईना. काजूच्या झाडाखाली खेळत होती, तिथलंच असेल. फोटो काढून तो शेतात शिरलेल्या म्हशी आडवायला पुढं गेला होता. टोपलीत टाकलं का? टाकलं असेल. त्यात काय एवढं, आईला कळतंय की.

स्वरूपा मोबाईल घेऊन तशीच आत गेली. मालुबाई भांडी आवरत होत्या. तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, “आत्ती, हे बघा बरं. हे आपल्यातलं हाय?”

मालुबाईंनी मोबाईल तोंडाजवळ धरला. मान थोडी तिरकी केली. हसल्या.

“व्हय की. किती गोड दिसतीया माझी बाय.”

मोबाईलचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

स्वरूपानं त्या काळ्या पडद्याकडं बघितलं. मग सकाळपासूनचं एकेक आठवायला लागलं. चहा ओतताना कपाच्या कडेला लावलेलं बोट. मिठाचा डबा आधी हुंगून मग उघडणं. ताक-भात घेतला तेव्हा तिच्याकडं न बघता नुसती आवाजाकडं वळलेली मान.

“आत्ती,” ती म्हणाली, “तुम्हाला दिसत न्हाई.”

भांड्यांचा आवाज थांबला. दाराशी आलेला दिग्विजय आईकडं आणि मग बायकोकडं बघत राहिला.

“दिसतंय,” मालुबाई म्हणाल्या. “उजेड दिसतोय. माणूस आलं-गेलं दिसतंय.”

“आई, कवापास्नं?”

“झाला असंल एक पावसाळा.” त्या पदराला हात पुसत राहिल्या. “तुला सांगितलं असतं तर हिनं पोरीला माझ्याजवळ सोडलं असतं व्हय? तशीबी वर्षातनं दोनदा येती.”

त्यावर बोलायला स्वरूपाला वेळ नव्हता. तिनं कडं असलेल्या अळंब्याचं सांगितलं. मालुबाई शांतपणे ऐकत होत्या. मग एकदम खाली बसल्या.

त्या म्हणाल्या की अळंबं ओळखायला त्यांना डोळे लागतच नाहीत. वारुळाचं अळंबं खोलवर रुतलेलं असतं. हातानं उकरत जायचं, मूळ संपत नाही तोवर. ज्याला तसं मूळ नाही ते टाकायचं. त्यांनी काढलेलं प्रत्येक अळंबं तसं तपासलेलं होतं. पण पोर बरोबर होती, पोरं काहीबाही टोपलीत टाकतात, म्हणून घरी निवडताना त्या पुन्हा एकेकाचं मूळ चाचपणार होत्या.

“तू कापून आणलीस,” मालुबाई म्हणाल्या. “मग मी काय चाचपू? तेव्हाच बोलायचं हुतं मी. बोलले असते तर तू इचारलं असतंस, डोळ्यानं बघा की म्हणून.”

चुलीतलं लाकूड खाली सरकलं.

स्वरूपा उकिरड्यावर धावली. तिथं मुळांचा ढीग पडला होता, लाल, चिखलानं माखलेला. ती हातानं उपसत राहिली. कांद्यासारखं गोल बूड कुठं सापडेना. पण नुसत्या मुळांवरनं काय कळणार? कापण्यासारखं काही नसलेलं अळंबं तिनं न कापताच ताटात ठेवलं असणार. आपल्याच हातानं. धुऊन, पुसून.

घड्याळात सव्वातीन झाले होते. जेवण एकला. सव्वादोन तास गेले. सहा तास धरले तर सात, आठ धरले तर नऊ. पोर हसतखेळत असेल तोवर.

“गाडी काढा,” ती नवऱ्याला म्हणाली. “खानापूरला दवाखान्यात जाऊ.”

या वेळी दिग्विजयनं ते हसण्यावारी नेलं नाही. त्यालाही पोटात काहीतरी दुखल्यासारखं वाटायला लागलं होतं. तोही तोच रस्सा ताटली दोनदा पुसून जेवला होता. आणि मालुबाईही.

तिनं सौम्याला उठवलं. पोरीनं डोळे उघडले नाहीत. पुन्हा हलवलं. मग सौम्या किरकिरली, लाथ झाडली, उठून बसली. उलटी होतेय का, पोट दुखतंय का, डोकं गरगरतंय का, मम्मीच्या सगळ्या प्रश्नांना ती डोळे चोळत नुसती नाही म्हणून मान हलवत होती.

स्वरूपानं तिला पोटाशी घेतलं. “सौम्या, सकाळचं तुझं अळंबं कुठं टाकलंस? आज्जीच्या टोपलीत?”

सौम्यानं आठवल्यासारखं केलं.

“टाकलं न्हाई. देवाला दिलं.”

“कुठल्या देवाला?”

“आज्जीनं दिलं त्या. माझं पण पहिलंच होतं की.”

दिग्विजयनं गाडीला किक मारली. वारूळ रस्त्याला लागायच्या वाटेवरच होतं. मागं पोरीला मधे घेऊन स्वरूपा बसली. मालुबाई अनवाणीच पाठोपाठ निघाल्या. बांधावरनं त्यांचं पाऊल कुठं चुकत नव्हतं, हे स्वरूपानं मागं वळून बघितलं आणि तिला त्याचीही भीती वाटली. एवढं सगळं पायांना पाठ असलेलं माणूस, मग आणखी काय काय लपवत असेल?

वारुळापुढं मालुबाईंनी ठेवलेलं अळंबं मान टाकून पडलं होतं. वरचे तांदूळ मुंग्यांनी नेले होते. त्याच्या शेजारी चिखलात, बुडाभोवती माती दाबून, दुसरं उभं होतं. दांड्याला कडं. पुढ्यात अर्धं बिस्कीट.

स्वरूपानं मोबाईल बाहेर काढला. फोटो शेजारी धरला. कुरतडलेली कड तीच, तशीच. ती खाली वाकली.

“ही कड कुणी खाल्ली?”

“गोगलगाईनं. तिला मी काढून टाकलं.”

“तू न्हाई ना चाखलंस? खरं सांग. मम्मी रागवणार न्हाई.”

सौम्या तिच्याकडं आश्चर्यानं बघत राहिली. “तू चाखून दिलं नव्हतंस की.”

स्वरूपानं तिचे हात जवळच्या ओढ्याच्या पाण्यानं धुतले, बोटांच्या बेचक्यांतनं, नखांतनं, पुन्हा पुन्हा. दिग्विजयनं ते अळंबं काठीनं उचलून लांब करवंदीच्या जाळीत फेकलं आणि वारुळाला हात जोडले. तोवर मालुबाई येऊन पोचल्या होत्या. काय सापडलं ते त्यांना लेकानं सांगितलं. खानापूरला जायचं कारण उरलं नव्हतं.

“आता आणू नकोस पोरीला,” मालुबाई सुनेला म्हणाल्या. “मी न्हाय वाईट वाटून घ्यायची. तू भितीस ते बरोबर हाय.”

स्वरूपाला हो म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सौम्यानं तिचा पदर ओढला.

“मम्मी, भूक लागली.”

तिनं ऐकलं, पण नीट कळायला वेळ लागला. मग ती मालुबाईंजवळ गेली आणि म्हणाली, मूळ कसं बघायचं ते मला दाखवा. मालुबाईंनी तिचा हात मनगटाला धरला, वारुळाच्या पायथ्याशी मऊ मातीत उरलेल्या अळंब्याच्या एका कळीजवळ नेला. डोळे मीट, म्हणाल्या. स्वरूपानं मिटले. आत काही हलेल, चावेल, या भीतीनं तिची बोटं आखडत होती. माती गार होती. बोटांना दोरीसारखं काहीतरी लागलं, खाली खाली गेलेलं. तिची बोटं संपली तरी ते संपलं नव्हतं.

घरी पातेल्यात थोडा रस्सा उरला होता. आल्या आल्या मालुबाईंनी तो ओतून टाकायला उचलला. नको म्हणून स्वरूपानं पातेलं त्यांच्या हातनं घेतलं, चुलीवर ठेवलं, ताटलीत वाढलं. भाकरीचा तुकडा मोडला. सगळी तिच्याकडं बघत होती, मालुबाई कान देऊन. तिनं पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. खोबरं, मिरी आणि पावसात भिजलेल्या मातीसारखं काहीतरी. चांगलं होतं. गिळताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“दिसत न्हाय म्हणून इचारते,” मालुबाई म्हणाल्या, “खाल्लंस?”

“खाल्लं, आत्ती. मंगळवारी सुट्टी काढायला सांगते ह्यांना. डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊ.”

दुसरा घास करून ती फुंकर मारायला गेली तर ताटली समोर नव्हतीच. सौम्यानं ती ओढून मांडीवर घेतली होती आणि खाली मान घालून खात होती.

स्वरूपानं घड्याळ बघितलं. चार वीस. म्हणजे आता सहा तास धरले तर रात्री दहा वीस, आठ धरले तर बारा वीस. ती पोरीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि पुन्हा मोजायला लागली.