टोपीखालची खोक

पौड रस्त्यावरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी कॅथलॅब सुरू झाली, तेव्हा फीत कापणाऱ्या पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत कासार आंबोलीचे हैबतराव बसले होते. फेटा, हार, नारळ, सगळं यथासांग. मनगटातून तार घालून हृदयापर्यंत जायचं, तुंबलेल्या नळीत फुगा फुगवायचा आणि माणूस तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी, असं कुणीतरी माइकवर सांगितलं, आणि हैबतरावांनी अशी मान डोलावली की ती तार जणू त्यांनीच ओढून आणली होती. बायकांच्या रांगेतून रत्नाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, टाळ्या वाजवल्या. यंत्र आलं, टेबल आलं, एसी आला. रोज हजर असणारा हृदयाचा डॉक्टर तेवढा आला नाही. पुण्याचे एक साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, यंत्र चालवणारा माणूसही त्यांच्याबरोबरच यायचा, आणि उरलेले पाच दिवस खोलीला कुलूप.

हैबतरावांच्या छातीत कळ आली ती रविवारी, दुपारी साडेतीनला.

मुलाने, इंद्रजितने, त्यांना गाडीत घालून वीस मिनिटांत आणलं. गाडी फाटकातच आडवी लावली म्हणून वॉचमन ओरडत होता. ती काढायला इंद्रजित बाहेर गेला आणि तिथेच फोनवर अडकला. भाड्याने दिलेल्या बंगल्यावर पुण्याचे पाहुणे उतरले होते, त्यांचं पाणी गेलं होतं. आत खाटेवर हैबतराव घामाने निथळत होते आणि रत्नाबाई पायथ्याशी उभ्या होत्या, डाव्या हाताची करंगळी पदरात लपवून.

नर्स होती वैभवी, धनगरवाड्यावरच्या म्हसूची पोर. म्हसूची मेंढरं दरवर्षी हैबतरावांच्या रानात बसायची, त्यामुळे पोरगी त्यांना लहानपणापासून ओळखत होती आणि लहानपणापासून घाबरत होती. छातीला पट्ट्या लावून तिने ईसीजीचा कागद काढला, तो ड्युटीवरच्या डॉक्टरकडे दिला आणि ऑक्सिजनचा मास्क लावायला वळली. मास्कची रबरी दोरी डोक्यामागून घ्यायची होती. तिने टोपीला हात घातला.

हैबतरावांनी तिचं मनगट पकडलं. छातीवर घण पडत असतानाही त्या पकडीत जोर होता.

"टोपीला हात लावू नगंस."

"आबा, दोरी बसत न्हाई."

"टोपीवरनं बसव. म्हसूची पोर ना तू? जराशी रीत शिक."

वैभवीने निमूटपणे दोरी टोपीवरून घेतली. आबांच्या टोपीला कोण हात लावणार? हैबतरावांना बोडक्या डोक्याने गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. न्हावीसुद्धा घरी यायचा आणि त्या वेळी दार लावलेलं असायचं.

वळताना तिची नजर रत्नाबाईंच्या हाताकडे गेली. "काकी, बोटाला काय झालं? काळंनिळं पडलंय."

रत्नाबाईंनी तोंड उघडायच्या आत मास्कच्या आतून उत्तर आलं. "दारात चेमटलं."

बोट दारात चेमटलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी भाकरी गार लागली म्हणून हैबतरावांनी ताट लाथाडलं, नेहमीसारखं, आणि रत्नाबाईंचे केस धरले, तेही नेहमीसारखंच. पण त्या दिवशी रत्नाबाई पाट्यावर मिरची वाटत होत्या आणि हातात वरवंटा होता. अडतीस वर्षांत एकदाही न उठलेला हात कसा उठला ते त्यांनाही कळलं नाही. हैबतराव आडवे झाले. दोन मिनिटं डोळे पांढरे. रत्नाबाईंनी खोकेत हळद दाबली, पाणी मारलं, देवाला हात जोडले. शुद्धीवर आल्यावर हैबतरावांनी पहिलं काम काय केलं, तर बायकोची करंगळी धरून उलटी वाकवली, कट्कन आवाज येईपर्यंत. मग म्हणाले, "बायकूनं मारलं म्हनून गाव दात काडंल. घरातलं घरात ऱ्हायलं पायजे. तोंडातनं शबुद गेला तर जित्ती गाडीन." आणि खोकेवर टोपी घातली. तेव्हापासून ती झोपतानाही निघाली नव्हती.

डॉक्टर अमोघ तरणा होता, पण मन लावून काम करणारा. त्याने कागदाचा फोटो पुण्याला पाठवला, फोनवर बोलला आणि खाटेजवळ येऊन बसला.

"आबा, नीट ऐका. हार्ट अटॅक आहे, आणि मोठा आहे. तार घालून नळी उघडणारे साहेब आज इथे नाहीत. पुण्याला न्यायचं तर रविवारचा रस्ता आहे, ताम्हिणीहून परतणाऱ्या गाड्या भूगावला तुंबल्यात, अडीच तास सहज जातील. तोवर हृदय आणखी खराब होईल. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथे देतो आणि मग पुण्याला हलवतो. पण एक विचारतो, अगदी खरं सांगायचं. गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागलाय का? लागला असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही. डोक्यात रक्तस्राव होतो, माणूस हातचा जातो. तसं असेल तर उशीर झाला तरी चालेल, थेट पुण्यालाच जाऊ, तारेचं टेबल तयार ठेवायला सांगतो."

"मला कोन मारनार?" हैबतराव म्हणाले.

"पडलात, झडलात? काहीही?"

"न्हाई म्हनलं ना."

खाटेशी वैभवी उभी होती. तिच्या कानावर पडलं की संध्याकाळी धनगरवाड्यावर आणि सकाळी आंबोलीत. एवढा हिशोब त्या कळेतही हैबतरावांना जमत होता. आठ दिवस काही झालं नाही, आता काय होणार?

अमोघ वळला. "मावशी, तुम्हाला काही माहीत आहे?"

"तिला काय इचारताय?" हैबतराव मास्कमधून गुरगुरले. "तिला काय कळतंय?"

आणि त्यांनी रत्नाबाईंकडे पाहिलं. ती नजर रत्नाबाईंच्या चांगल्या ओळखीची होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी माहेरच्या माणसांसमोर त्यांच्या गालावरचे वळ दिसत होते, तेव्हाही ती अशीच त्यांच्यावर रोखलेली होती.

रत्नाबाईंना सगळं कळलं होतं. डॉक्टरने इतकं स्वच्छ सांगितलं होतं की शेळीलाही कळलं असतं. 'लागलाय मार' एवढं बोलायचं होतं. बोलावं असं त्यांना खरंच वाटलं. 'ला' म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा. मग करंगळी ठणकली. आणि त्या ठणक्याबरोबर एक विचार आला, इतका थंड की त्यांना स्वतःचीच भीती वाटली: आपण तर फक्त नवऱ्याचं ऐकतोय.

"ते म्हनत्यात तसंच," रत्नाबाई म्हणाल्या.

इंद्रजित अजून बाहेरच होता, म्हणून संमतीच्या कागदावर सहीही त्यांनीच केली. शाळेत शिकलेली, गोल गोल अक्षरांची सही.

इंजेक्शन गेलं. पाऊण तासात कळ ओसरली. नवा कागद पाहून अमोघचा चेहरा खुलला, तो इंद्रजितला म्हणाला, "नळी उघडली बहुतेक." अँब्युलन्स दारात येऊन लागली. हैबतरावांच्या तोंडाला रंग आला, मास्क बाजूला करून त्यांनी रत्नाबाईंना फर्मावलं, "घरनं माजं धोतर घिऊन ये. आन् परत आल्यावर बघतो तुज्याकडं." पहिलं वाक्य सगळ्यांसाठी होतं. दुसरं हळू आवाजात, एकटीसाठी.

वाचले की हे! त्या क्षणी रत्नाबाईंना जे वाटलं ते दुःख नव्हतं, पण आनंद तर अजिबात नव्हता.

स्ट्रेचरवर घेताना हैबतराव म्हणाले, डोकं फुटतंय. मग उलटी झाली. मग "इंद्रा" म्हणायला गेले आणि तोंडातून नुसताच घरघराट आला. डावा हात खाली लोंबला. अमोघने धावत येऊन डोळ्यांत बॅटरी मारली आणि काय सुचलं कोण जाणे, टोपी उचलली. अडवायला हात उठला नाही. टाळूच्या बाजूला हळदीने पिवळी पडलेली, चार बोटं लांब खोक होती, आणि तिच्या कडेने ताजं रक्त झिरपत होतं.

"हे काय आहे?" अमोघ ओरडला. "हे काय आहे?"



अँब्युलन्स भूगावच्या अलीकडे सव्वा तास उभी होती. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून मक्याची कणसं खात होती. हैबतराव तिथेच गेले.

तेरावं उरकल्यावर इंद्रजित चार माणसं घेऊन दवाखान्याच्या ऑफिसात गेला आणि आईलाही घेऊन गेला. बाप पायरीवरून पडला असणार आणि कुणाला बोलला नसणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बापावर हात उचलायची कुणाची छाती होती? त्याचा राग वेगळाच होता. पेशंटची टोपी काढून डोकं बघायचं साधं काम नर्सने का केलं नाही?

"आबांनी काडू दिली न्हाई," वैभवी म्हणाली. "माजं मनगट धरलं त्यांनी. काकी तितंच हुत्या. काकी, सांगा की."

सगळे रत्नाबाईंकडे बघायला लागले. आता कुणाची नजर अडवत नव्हती, कुणी गाडणार नव्हतं. खरं सांगायला हरकत नव्हती. पण टोपी का काढू दिली नाही, हा पुढचा प्रश्न, आणि खोक कशाने पडली, हा त्याच्या पुढचा.

"मी घाबरलेली," रत्नाबाई म्हणाल्या. "माज्या काई ध्यानात न्हाई."

त्याच दुपारी वैभवीला कामावरून काढलं. मुदतीवरची नोकरी, कागदही फारसे लागले नाहीत. म्हसूला निरोप गेला की यंदापासून रानात मेंढरं बसवायची नाहीत.

रत्नाबाई फाटकाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा वैभवी पिशवी घेऊन बाहेर आली. ती थांबली. रडून झालं होतं, डोळे कोरडे होते. तिने रत्नाबाईंच्या करंगळीकडे पाहिलं. बोट जुळून आलं होतं, पण वाकडं.

"काकी," ती हळूच म्हणाली, "बोट दारात न्हवतं ना चेमटलं?"

रत्नाबाईंनी करंगळी पदरात घेतली आणि म्हसूच्या पोरीकडे रोखून पाहिलं.

"दारातच चेमटलं," त्या म्हणाल्या. "तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?"