पायातली गोगलगाय

बंगळुरात यशवंतपूरच्या बाजारामागे देवाप्पा वैदूभोवती ही गर्दी जमली होती. खांबाला दोरीनं बांधलेली घोरपड जीभ लपलपवत होती.

"जगात दोनच जाती," देवाप्पा सांगत होता. "घोरपडीची आणि गोगलगाईची. घोरपड धरली की सोडत नाही. गोगलगाय म्हणजे लोळागोळा. ह्या पोरीच्या पायात गोगलगाय शिरलीय."

पोर म्हणजे पाच वर्षांची अहल्या. मागल्या वर्षी तापानं तिचा डावा पाय लुळा पडला होता. "आणि अक्का, तुम्ही मराठे. घोरपड लावून गड चढलेल्यांचं रक्त," तो तिच्या आईला, वसुमतीला म्हणायचा. ह्या एका वाक्यावर वसुमती विरघळली होती. कित्येक पिढ्या बंगळुरात गेल्या, तरी त्यांच्या घरात झोपताना गोष्ट ती गडाचीच. देवाप्पानं दवाखान्याच्या पट्ट्या सोडायला सांगितल्या, तिनं सोडल्या. अख्खा पावसाळा ती लेकीला इथे आणत होती.

आजही त्यानं पायाला केळीचं ओलं पान गुंडाळलं, चोळलं, काहीबाही पुटपुटला. पान उलगडलं तर आत काळी, बिनशंखाची गोगलगाय. लोकांनी हात जोडले.

"स्वल्प उरलाय आजार," म्हणत तो ती घोरपडीपुढे टाकणार, तोच वसुमतीचा थोरला भाऊ नरसिंहराव पुढे झाला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. पेरूवाल्याकडचं चिमूटभर मीठ त्यानं गोगलगाईवर टाकलं. ती फेस सोडत आकसली.

"वसू, माणसाचं रक्त खारट असतं. ही त्यात जगेल कशी?"

मग त्यानं देवाप्पाचं ओलं गोणपाट उचललं. खाली दुहेरी दुमडलेली पानं, आणि प्रत्येक घडीत एकेक गोगलगाय. चोळता चोळता घडी मोकळी करायची, एवढीच काय ती सिद्धी.

"सरी, सरी, बरं बरं," म्हणत देवाप्पा सामान आवरू लागला. घोरपडीचा बिचारीचा काय दोष, तिला भूक होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आखडलेला पाय हातात घेऊन हळूच ताणून पाहिला. "पट्ट्या ठेवल्या असत्या तर सरळ राहिला असता. आता वाकडाच राहील."

"आई, गोगलगाय नव्हती माझ्या पायात?" अहल्येनं विचारलं.

"नव्हती गं." वसुमतीच्या ओठांवर आलेलं पाणी खारट होतं. अण्णा खरं सांगत होता, पण तिला ते फार उशिरा कळलं.

पूर्वजांचा अभिमान खुशाल बाळगा. पण कुणी पट्टी सोडायला सांगितली, तर आधी त्याचं गोणपाट उचलून बघा.