झऱ्याला लागलेले कुलूप

मी एक जुनी छागळ आहे, मित्रांनो. जाड कॅनव्हासची, प्रवासात पाणी नेण्याची पिशवी. मी झिरपते म्हणून मला गळकी म्हणू नका. त्या झिरपण्यानेच पोटातले पाणी गार राहते. भिलाईच्या क्वार्टरमध्ये तो गुरगुरणारा फ्रिज फार नंतर आला.

मला दुर्गच्या बाजारातून पुंडलिकरावांनी आणले. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, पोलाद कारखान्यात नोकरीला. रविवार आला की दोस्तांना घेऊन राजहऱ्याच्या खाणींच्या वाटेवरचे डोंगर चढायचे. मी खांद्यावर असायचीच. माझ्याशिवाय त्यांचे पान हलत नसे, असे मला तरी वाटायचे.

ऐंशी सालच्या आसपास या दोस्तांनी एक डोंगर राखायचे ठरवले. कुंपणाची तार एकालाच पुरणार होती आणि डोंगर होते दोन. एकावर उंच, सरळसोट सालवृक्ष होते, फोटो काढावा असे. दुसऱ्यावर नुसती झुडपे आणि पळस. पण त्याच्या पायथ्याशी झरा होता आणि खालचे गाव त्याच्यावर जगत होते. मुळे आणि पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतात, मग डोंगर ते उन्हाळाभर सावकाश सोडतो, अगदी माझ्यासारखा. पण बकऱ्या रोपे उभी राहू देत नव्हत्या. झरा दरवर्षी बारीक होत होता. दोस्तांनी झऱ्याचा डोंगर निवडला, गावाने मान डोलावली आणि मला फार अभिमान वाटला.

पण कारखान्याच्या माणसाला गेटशिवाय चैन पडत नाही. पुंडलिकरावांनी झऱ्यासकट सगळ्या डोंगराला कुंपण घातले, गेट बसवले, राखणदार नेमला. गेट उघडणार आठ ते पाच, जनरल शिफ्टसारखे. राखणदाराला रविवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणजे गेटही दिवसभर बंद. त्यात काही चुकतेय असे त्यांच्या मनातही आले नाही. रविवारी किल्ली त्यांच्याच खिशात असायची.

चैतातल्या एका रविवारी त्यांची बायको रमा पहिल्यांदाच बरोबर आली. गेटबाहेर पळसाखाली बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. इतर रविवारी त्या नाल्यावर जायच्या. आता नाला आटला होता. पुंडलिकराव कुलूप काढून आत गेले, आतून पुन्हा लावले, मला काठोकाठ भरून बाहेर आले आणि रमाच्या हातात दिले.

बायकांतली शेवंता जागची न उठता म्हणाली, "आज छुट्टी हे कथें, बाबू. त का पियास के घलो छुट्टी हे?"

तहानेला कसली सुट्टी? रमाने मला तोंडाला लावले नाही. ती शेवंताजवळ गेली आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतले. मग नवऱ्याकडे वळली.

"बकऱ्या घुसतात ना, म्हणून..." पुंडलिकराव म्हणाले.

"बकऱ्याइले अडवा, मी कुठं नाही म्हणते," रमा हळूच म्हणाली. "पण तुमच्या बापाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. लोक वरतून पाणी ओतत. अन् तुमी झऱ्याले कुलूप लावून राहिले?"

पुंडलिकरावांचा चेहरा मला पाहवला नाही. त्यांनी गेट सताड उघडले आणि शेवटची घागर भरेपर्यंत ते एका बाजूला उभे राहिले.

पुढच्या रविवारी दोस्त आणि गावकरी डोंगरभर फिरले. झरा, पायवाट आणि मोहाची झाडे कुंपणाबाहेर ठेवायची ठरली. पाऊस जिथे मुरतो ती वरची उतरण तेवढी बंद केली, तीही रोपे मोठी होईपर्यंत. बकऱ्या आता शेवंता आणि तिच्या शेजारणीच हाकलू लागल्या. काही वर्षांनी झरा जेठाच्या कडक उन्हातही वाहू लागला. मी त्याचे पाणी पुष्कळदा आणले, आणि क्वार्टरमधली मुले "गोड आहे" म्हणत प्यायची.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. आता मी मागच्या खोलीत खिळ्यावर असते. कॅनव्हास विरला आहे, शिवण उसवली आहे. कधी कधी वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, डोंगर जरूर राखा. पण तार ओढण्याआधी त्याचे पाणी कोण पिते, ते त्याच लोकांना जाऊन विचारा. मी जन्मभर पाणी वाहिले आणि मला त्याचे ओझे कधी वाटले नाही. फक्त त्या रविवारी, कुलपाच्या आत भरलेले पाणी घेऊन मी तहानलेल्या बायकांसमोर आले, तेवढे मला पेलवले नाही.