थ्रो कमी पडतो

सॉफ्टबॉलच्या हंगामाच्या पहिल्याच पालकसभेत ताईने नियम सांगून टाकला होता: मुलगी कशीही खेळो, प्रत्येक सामन्यात तिला मैदानात उतरायला मिळणार. सगळ्या आईबापांनी माना डोलावल्या. नियम दुसऱ्याच्या मुलीसाठी असतो तोवर मान डोलावायला काही लागत नाही. मग सामने सुरू झाले आणि जो तो ताईच्या मागे लागला. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या आईला वाटे, मुलगी फार दमते. मागे बसून तो झेलणाऱ्या कॅचरच्या आजोबांना वाटे, नात पुरेशी दमतच नाही. ताई दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवायची. गिऱ्हाइकाला दोन काचा दाखवून यातली बरी कोणती, असं विचारता येतं. पालकांच्या बाबतीत ती सोय नव्हती.

नियम मोडला तो ताईनेच, आणि एकाच मुलीसाठी. तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, पण तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर चेंडू असा सणसणीत फेकायची की पकडणारीचा तळवा लाल व्हायचा. सरावात ती हसायची, बडबडायची, मातीत लोळायची. सामना असला की तारेच्या कुंपणापलीकडे तिचे बाबा उभे राहत. त्यांचं गॅरेज होतं, आणि इंजिनांच्या वर आवाज काढायची सवय त्यांच्या घशात कायमची बसली होती. "वाक! अगं वाक! झोपलीस काय?" हे ऐकलं की मुंगीचा हात तिथेच लुळा पडायचा.

अशाच एका सामन्यानंतर मुंगी सामानाच्या खोलीत आली. हेल्मेटं एकात एक रचत म्हणाली, "ताई, मला सामन्यात नका ना घेऊ. सरावाला मी रोज येईन."

"बाबांशी बोलू का मी?"

"नको. तुम्ही बोललात तर घरी जाऊन परत तेच सुरू होईल. शप्पथ घ्या, सांगणार नाही म्हणून."

ताईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस नको तिथे हो म्हणून बसतो. तिने शपथ घेतली.

पुढच्या सामन्याला मुंगी बाकावर. सामना संपताच बाबा तरातरा आले. "प्रत्येकीला खेळवणार म्हणाला होतात ना? मग माझीच का नडते तुम्हाला?"

ताईने तोंडाला आलं ते ठोकून दिलं. "तिचा थ्रो कमी पडतो. जरा सुधारू दे, मग घेते."

तिला वाटलं, हा माणूस आता चार शब्द सुनावेल आणि निघून जाईल. ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. पोरीसाठी आपण वाईटपणा घेतोय याचं तिला मनातून थोडं कौतुकही वाटत होतं. पण बाबा भांडले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं." आणि पोरीचा ग्लोव्ह काखेत मारून निघाले.

त्यानंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मुंगीला बाकावर ठेवण्यावरून इतर पालकांची कुजबुज चालू होती, तिकडे ताईने कानाडोळा केला. पुढे सरावात मुंगीचा चेंडू अर्ध्यातच टप्पा खायला लागला, तेव्हा ताईला वाटलं, पोरगी भारीच हुशार, आपली थाप खरी दिसावी म्हणून मुद्दाम हळू फेकतेय. तिला हसू आलं.

"पुरे गं नाटक," ती म्हणाली.

मुंगी ग्लोव्ह काढून बाजूला जाऊन बसली.

मग एका संध्याकाळी ती हात गळ्यात बांधून आली. बरोबर बाबा होते, गॅरेजमधून तसेच आलेले, हाताला काळं ग्रीस.

"गॅरेजच्या मागच्या भिंतीला टायर टांगला होता," ते ताईला म्हणाले. "शाळेच्या आधी आणि इथून गेल्यावर, रोज त्यातून चेंडू टाकायला लावायचो. दुखतंय म्हणायची. मला वाटलं, टाळतेय. आता डॉक्टर म्हणतात, खांद्याचा स्नायू फाटलाय. हा हंगाम तर गेलाच, पुढचंही सांगता येत नाही." ते जरा अडखळले. "पण मधे थ्रो सुधारला होता ना थोडा?"

ताईने मुंगीकडे पाहिलं. मुंगी मानेनेच नको म्हणत होती. पण आता गप्प राहणं ताईला शक्यच नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटत होती.

"तिचा थ्रो कधीच कमी पडत नव्हता," ती म्हणाली. "टीममध्ये तिच्याइतका चांगला थ्रो कुणाचाच नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"का?"

"सामन्यात तुम्ही ओरडता. तिला भीती वाटते त्याची. मला घेऊ नका, असं तीच म्हणाली होती."

"मी कधी ओरडलो?"

त्या आवाजाने मैदानभरच्या मुली जागच्या जागी थांबल्या. मुंगीने डोळे गच्च मिटले आणि बांधलेला हात छातीशी ओढून घेतला. तशी कळ आली असणार, कारण तिचा चेहरा वेडावाकडा झाला. पण तोंडातून आवाज निघाला नाही.

बाबांनी ते पाहिलं. एवढ्या जवळून त्यांनी ते कधी पाहिलं नसावं. एरवी मधे कुंपण आणि अर्धं मैदान असायचं. ते खाली बसले, तिच्या उंचीला आले. ग्रीसचा हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला.

"दुखतंय का गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही, बाबा," मुंगी डोळे न उघडता म्हणाली.