शेळ्या पाळणारी बाई

हिस्केबाईंनी कॉफीत दूध ओतलं ते दुकानातल्या खोक्यातलं. मार्लूसने ते पाहिलं. दोन वर्षं ती या स्वयंपाकघरात येत होती, आणि दर खेपेला शेळीच्या दुधाची कॉफी नाक मुरडत प्यायली होती.

"शेळ्या आटल्या का?"

"विकल्या." हिस्केबाईंनी साखरेच्या पावाला लोणी फासून ताटली पुढे सरकवली. "खा. उपाशीपोटी सभेत बोलायला उभी राहिलीस तर ही माणसं तुला कच्ची खातील."

मार्लूसच्या पिशवीत तिच्या अहवालाच्या नुकत्याच छापलेल्या प्रती होत्या. कालव्याची पातळी वाढवली तर कुरणांखालची काळी माती खचायची थांबणार होती, पण कुरणं कायमची ओली राहणार होती. असा निर्णय एखादं गाव कसं घेतं, कोण अडून बसतं आणि कशासाठी, हा तिचा अभ्यास. लोक मोकळं बोलले होते, हिस्केबाई तर जरा जास्तच. त्यांचं वाक्य अहवालात होतं: 'बाप गेल्यापासून माझा शेजारी शेती करत नाही, नुसता बापाच्या खुर्चीत बसून राहिलाय.' खाली लिहिलं होतं, शेळ्या पाळणारी एक बाई. नाव गाळलं होतं, 'भावा'चा 'शेजारी' केला होता. पण अख्ख्या गावात शेळ्या एकाच घरी होत्या, आणि कालव्यापलीकडे हिस्केबाईंचा सख्खा भाऊ रींक राहत होता.

"तेवढ्या शेळ्या काढ गं," असा मसुदा वाचून हिस्केबाईंचा फोन आला होता. छपाईला गेलंय, मार्लूस म्हणाली होती, आणि कोणी ओळखणार नाही. खरं तर अजून गेलं नव्हतं. शेळ्यांमुळे ते वाक्य जिवंत वाटत होतं, एवढंच.

"माझ्यामुळे विकल्यात ना?"

"तुझ्या पुस्तकात एक शेळ्यावाली आहे. आता या गावात तशी बाई नाही." हिस्केबाईंनी टेबलावरचा चुरा हातात गोळा केला. "या वयात मला भाऊ जास्त लागतो, पोरी."

"कोणी नेल्या?"

"रींकनेच, त्याच्या गाडीतून बाजारात. का विकतेस, एवढंसुद्धा विचारलं नाही ठोंब्याने."

मार्लूसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभागृहात रींकने बहिणीसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. प्रती वाटल्या गेल्या, पानं उलटली गेली आणि मग हळूहळू उलटायची थांबली. मागे कुणीतरी खाकरलं. रींकने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि हात वर केला.

"बाई, ही शेळ्यावाली कोण? आमच्या गावात तर कुणाकडेच शेळ्या नाहीत."

कुणी हसलं नाही. हिस्केबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. रींक मार्लूसकडे रोखून पाहत होता, आणि तिने काय म्हणायचं हे त्या नजरेतच होतं.

"दुसऱ्या गावची आहे," मार्लूस म्हणाली. "चूक माझी आहे. ती ओळ इथे यायलाच नको होती."

"असं होय," रींक म्हणाला.

त्याने खिशातून पेन काढलं. आधी बहिणीच्या प्रतीतली ओळ खोडली, मग स्वतःच्या.