धाकटीच्या पायाचा ठसा

ओल्या फरशीवर माझं पाऊल विटेसारखं उमटतं.

आगीच्या बंबावरच्या शिडीला चाळीस पायऱ्या.

घरात एकाच मापाचे दोन जोड बूट. माझे आतल्या बाजूने झिजतात. धाकटीचे झिजतच नाहीत.

तळव्याची शाई दोन दिवस जात नाही.

मावशी म्हणाली होती, "धाकटीची चाल बघ, जमिनीवर उपकार केल्यासारखी." तेव्हापासून मावशीच्या चहात मी साखर कमी घालते.

आता सरळ सांगते. मी इस्पितळातल्या पायांच्या खोलीत काम करते. अग्निशमन दलाच्या भरतीला आलेल्यांच्या तळव्याला रुळाने शाई फासायची, कागदावर उभं करायचं, ठसा डॉक्टरांकडे द्यायचा. तळव्याच्या मध्ये कोरी जागा राहिली, तर कमान आहे. सगळाच काळा उमटला, तर पाय सपाट, आणि सपाट पायवाल्याने घरी जायचं. बारा वर्षांपूर्वी याच खोलीतून मी घरी गेले. पुढच्या वर्षी इथेच नोकरीला लागले. लोक याला जिद्द म्हणतात. म्हणू देत.

आज सतरा नंबरला धाकटी होती. माझी सख्खी बहीण.

"ताई, गुदगुल्या होतात गं!"

"आगीत शिरणार आहेस ना? मग गुदगुल्या सोस."

"नापास नको हं करूस मला."

"पाय करतो नापास. मी कोण?"

तिचा तळवा माझ्या हातात होता. मधला भाग असा उचललेला, की खालून उंदीर जाईल. आई एकच. माझ्या वेळी मात्र तिने हात आखडता घेतला.

ठसा सुरेख आला. मला तो बघवेना.

रूळ नीट चालतोय ना, हे बघायला रोज सकाळी मी आधी माझ्याच पायाचा ठसा घेते. तो कागद मग टोपलीत जातो. आज तो टेबलावरच राहिला होता. त्यावर मी सतरा नंबर घातला. तिच्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात टाकला.

अक्षर छान आलं.

थोड्या वेळाने डॉक्टर तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. महिन्यापूर्वीच बदलून आलेत. धाकटी बाहेर बाकावर मोजे चढवत होती.

"बाई, हा सतरा नंबर कुणाचा?"

"नापास आहे ना?"

"ते नंतर. याच्या अंगठ्याखाली भोवरी आहे. महिनाभर तुमच्या टोपलीत हीच बघतोय मी."

मी रूळ पुसायला घेतला.

"गडबडीत कागद बदलला असेल," ते म्हणाले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. "पण आता तुमचाच पाय समोर आलाय, तर बघू. चप्पल काढा. भिंतीला हात लावा. टाचा उचला."

मी चवड्यांवर उभी राहिले. ते खाली वाकले.

"अहो, कमान आहे की! उभं राहिलं की बसते, टाच उचलली की वर येते. असा पाय दलाला चालतो. तुम्हाला कुणी टाचा उचलायला लावल्या नाहीत?"

"नुसता ठसा बघितला होता."

दाराच्या काचेतून धाकटीने भुवया उडवल्या. काय झालं? तिचा इतका राग मला कधीच आला नव्हता. आणि आता तर तिच्या पायाचा काही संबंधही उरला नव्हता.

खिशातला कागद उलगडला. ओली शाई घडीतून कोऱ्या जागेवर उतरली होती. तो कुणाला दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

"ये गं आत. पाय दे परत."

"आत्ताच तर मोजे घातले! का?"

"माझं चुकलं."

"इतकी वर्षं काय शिकलीस गं तू?"

मी खाली बसून रूळ फिरवला. तोल जाऊ नये म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात टेकला, चांगला जोर देऊन. कागदावर तीच कमान आली. डॉक्टरांनी सही केली. वहीत नोंद मीच केली: सतरा, पास.

बारा वर्षांपूर्वी फेरतपासणी मागायला एकवीस दिवसांची मुदत होती. मी मागितलीच नाही.