केस्ट्रल हाऊसच्या भिंतीतला वारा

नवव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात प्लंबरनं पाइपांवरची फळी काढली आणि ‘जरा बघून घ्या’ म्हणत तो बाजूला झाला. एखादा गळका सांधा दिसेल, एवढीच डेनीस गारबटची अपेक्षा होती. गुडघे टेकून तिनं आत डोकं घातलं. सांधा गळत होताच, पण तो दिसायच्या आधी तिच्या चेहऱ्याला वारा लागला.

थंड, कुबट वारा. खालून वर जाणारा.

बंद भिंतीच्या आत वारा असायला नको होता. पाइप जिथं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातात, तिथं स्लॅबला पाडलेलं प्रत्येक भोक आगीला दाद न देणाऱ्या मसाल्यानं गच्च बुजवलेलं असायला हवं होतं. तिनं टॉर्च मारली. एका कडेला गुलाबी फोमचा वाळका गोळा चिकटला होता, दुसऱ्या कडेला जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. मधे काहीच नव्हतं. नुसता काळोख.

प्लंबरनं खिशातला एक स्क्रू काढून आत सोडला. टण. टण. आवाज येत राहिला, बारीक होत गेला, आणि कधी थांबला ते दोघांनाही कळलं नाही.

“ही तर विहीर आहे, बाई,” तो म्हणाला.

डेनीसनं टॉर्च विझवली.

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एका गृहसंस्थेच्या इमारतींची अग्निसुरक्षा गेली अकरा वर्षं तिच्याकडे होती. केस्ट्रल हाऊस त्यातली सगळ्यात उंच. चौदा मजले, एकच जिना. इथल्या माणसांना तिनं स्वतः समजावून सांगितलं होतं की प्रत्येक घर म्हणजे एक बंद पेटी आहे. शेजारी आग लागली, खाली लागली, तरी तुमच्या पेटीत शिरायला तिला तासभर लागेल, तेवढ्यात बंब येतो. म्हणून जिन्यात गर्दी करू नका, दार लावून घरातच थांबा. तशी पत्रं घरोघर गेली होती आणि पत्राखाली सही तिची होती.

ऑफिसात येऊन तिनं जुनी फाइल उघडली. पाच वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं सगळी भोकं बुजवल्याचा दाखला दिला होता. सोबत छप्पन्न फोटो, दर मजल्याचे चार. ठेकेदाराचा धंदा केव्हाच बंद पडला होता, फोटो मात्र होते. तिसऱ्या मजल्याच्या फोटोत पाइपावर पांढऱ्या रंगाचा एक ओघळ होता, टोकाला वाकलेला. तिनं सहाव्या मजल्याचा फोटो काढला. तोच ओघळ. अकराव्या मजल्याच्या फोटोत कॅमेरा तिरका धरला होता, उजेड कमी होता, पण ओघळ तोच, टोकाला तसाच वाकलेला.

तिनं सगळे ताडून पाहिले. छप्पन्न फोटो आणि भोकं फक्त तीन, तीच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली.

पाच वर्षांपूर्वी हे फोटो आले तेव्हा आपण ते कसे पाहिले होते, ते तिला आठवायला लागलं. चहा पीत. यादीवर खुणा करत. एकही फळी उघडून बघितली नव्हती.

तिचा साहेब रसेल विंटर दुष्ट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत म्हणाला, “एका फळीमागे भोक निघालं म्हणजे चौदा मजले गेले असं होत नाही, डेनीस. गुरुवारी बोर्डाची बैठक आहे. तिथं व्यवस्थित मांडू.”

“आणि गुरुवारपर्यंत?”

“साठ वर्षं उभी आहे ती इमारत. दोन दिवसांत काय होणार आहे?”

“मला आज धूर सोडून बघू दे. नुसतं बघू दे.”

“बघ. पण लोकांना घाबरवू नकोस.”

लोकांचं कसलं, तीच घाबरली होती. दुपारी तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या घरात तपासणीची धुराची वडी पेटवली. हा धूर बिनविषारी, पण दाट. तो खोलीत पसरला नाही. कुणीतरी आत ओढून घ्यावा तसा सरसर फळीमागे गेला. इमारतीचा केअरटेकर ओसागी वर जिन्यात फोन धरून उभा होता. माणूस नायजेरियातल्या बेनिन सिटीचा, हलमध्ये येऊन सतरा वर्षं झालेली, आणि बोलायला एरवी फटाका. आज त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला.

“मॅडम, सातव्यावर वास येतोय. थांबा, वर जातो. दहाव्यावर दिसतोय, मॅडम. डोळ्यांनी दिसतोय. न्हाणीघरातून येतोय.” मग धापा. “बाराव्यावर तर खोलीभर झालाय. किती वेळ झाला?”

डेनीसनं घड्याळ पाहिलं. “चार मिनिटं.”

“तुम्ही तर तास म्हणाला होतात.”

ती त्या घरातून बाहेर पडून जिन्यात आली.

बोर्डाची बैठक, रसेल, लोकांना घाबरवायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. जिन्यातच उभं राहून तिनं अग्निशमन दलाला फोन केला आणि संध्याकाळच्या आत सरकारी नियंत्रकालाही लेखी कळवलं. कायद्यानं ते बंधनकारकच होतं. रसेल फोनवर एवढंच म्हणाला, “मला आधी विचारायला हवं होतंस.” आणि थोड्या वेळानं, “बरं केलंस.”

दुसऱ्याच दिवशी अग्निशमन दलाचा हुकूम निघाला. भोकं बुजेपर्यंत मजल्यामजल्यावर दिवसरात्र पहारा. पहारेकऱ्यांच्या हातात भोंगे. भोंगा वाजला की एकूण एक माणसानं जिन्यानं खाली यायचं. म्हणजे इतकी वर्षं सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. डेनीस आणि ओसागी दारोदार फिरले. कुणी रडलं, कुणी दार तोंडावर आपटलं. आठव्या मजल्यावरची एक आई पोराला कडेवर घेऊन नुसती बघत राहिली, आणि त्या नजरेपेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं डेनीसला वाटलं.

बाराव्या मजल्यावर विल्फ डगलबी राहायचा. वय ब्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं मासेमारीच्या मोठ्या बोटींवर उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात काढलेली. आता छाती भात्यासारखी वाजायची. त्यानं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं.

“आलीस का, पोरी? खालच्या हॉलमध्ये आम्हाला बिस्किटं चारून सांगितलं होतंस की घर म्हणजे पेटी. मी ते पत्र फ्रिजवर लावलंय. रोज वाचतो.”

“मिस्टर डगलबी, आता भोंगा वाजला की खाली यायचं.”

“बारा मजले? या छातीनं? आगीत राहिलो तर वाचेन एकवेळ, जिन्यात नक्की मरेन.”

“हळूहळू उतरायचं. कुणीतरी मदतीला येईल.”

“पण झालं काय? पेटी फुटली की काय माझी?”

तिच्या ओठांवर आलं होतं. खोटं बोलले मी, न बघता सही केली. पण त्या मिचमिच्या, चेष्टेखोर डोळ्यांसमोर ते निघेना.

“नियम बदललाय,” ती म्हणाली.

“नियम तर दर सोमवारी बदलतात,” म्हाताऱ्यानं हसून दार लावून घेतलं.

पुढचे दोन दिवस डेनीसला अन्न गोड लागलं नाही. घरी शेगडी पेटवायला हात धजेना, म्हणून ती थंड पाव खाऊन राही. बंबाची घंटा कुठंही वाजली की ती ओसागीला फोन लावायची. कामगार मिळायला सोमवार उजाडणार होता. तेवढा सोमवार येऊ दे, एवढंच ती मनात घोकत होती.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला ती तळमजल्यावर ओसागीबरोबर पहाऱ्याची वही तपासत होती, तेव्हा वर भोंगा वाजला. मग दुसरा. मग एकदम सगळे.

चौथ्या मजल्यावर एका घरात तळणीचं तेल पेटलं होतं. घरातली बाई पोरांना घेऊन बाहेर पळाली, पण आग स्वयंपाकघरातून पुढं सरकली. जिन्यातून माणसं उतरायला लागली. अनवाणी, चादरी गुंडाळून, हातात मांजरं घेऊन. ओसागी दाराशी उभा राहून नावं पुकारत यादीवर खुणा करत होता. बंबाला आणखी सहा-सात मिनिटं लागणार होती.

“डगलबी?” डेनीसनं विचारलं.

ओसागीनं नकारार्थी मान हलवली.

“त्याला आणायला माणूस नेमला होता ना?”

“तो आठव्यावरच्या व्हीलचेअरवाल्या बाईंना उतरवतोय. एकटाच आहे, मॅडम.”

तिनं म्हाताऱ्याला फोन लावला. पलीकडून टीव्हीचा आवाज आला.

“ऐकला भोंगा,” तो म्हणाला. “दार लावलंय, खाली ओला टॉवेल टाकलाय. तूच शिकवलंस ते सगळं केलंय. तू काळजी नको करू.”

डेनीसच्या डोळ्यांपुढं तो धूर आला. सरसर फळीमागे जाणारा. चार मिनिटं. भोंगा वाजून तीन होऊन गेली होती.

ती जिन्याकडे वळली तशी ओसागीनं तिची बाही धरली. “वर जायचं नाही, मॅडम. काही झालं तरी नाही. तुमचाच नियम.”

“बंबवाले आले की सांग, मी बाराव्यावर आहे.”

ती चढायला लागली. चौथ्या मजल्याचं फायर डोअर बंद होतं, पण त्याच्या काचेपलीकडे काळं काहीतरी हलत होतं. ती कठडा धरून पुढं सरकली. सातव्यापर्यंत छाती फुटायला आली. नवव्यावर तिनं भिंतीला हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. भिंत गार होती, भीतीच तेवढी गरम होती. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात आपण इतकं कधीच घाबरलो नव्हतो, हे तिला कळत होतं. आणि मागं फिरावं असं प्रत्येक पायरीला वाटत होतं, हेही.

तिनं बाराव्या मजल्यावरचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. साखळी न काढता म्हाताऱ्यानं फट केली.

“वेडी का काय तू? खाली जा!”

“न्हाणीघर बघा. आत्ता. जाऊन बघा!”

“दार बंद आहे त्याचं. मी पेटीत आहे, पोरी. तूच...”

“पेटी नाहीये!” ती ओरडली. “कधीच नव्हती. मी बघितलंच नाही. ठेकेदारानं फोटो पाठवले, मी चहा पीत सही केली. सगळं खोटं होतं. तुमच्या भिंतीमागे खालपासून वरपर्यंत भोक आहे, आणि धूर त्यातून येतोय. मी परवा सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.”

विल्फ डगलबीचा चेहरा दगडासारखा झाला. त्यानं मागं वळून बघितलं. न्हाणीघराच्या दाराच्या वरच्या फटीतून धुराची करडी पट्टी छताला लागून पुढं येत होती. त्यानं खुर्चीवरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि साखळी काढली.

उतरणं चढण्यापेक्षा भयंकर होतं. दर पाच-सहा पायऱ्यांना तो थांबायचा आणि त्याची छाती शिट्टी वाजवायची. तिनं त्याचा हात आपल्या मानेवर घेतला होता. दहाव्या मजल्यावर जिन्याच्या दाराखालूनही धूर निघायला लागला होता. दिवे धूसर झाले. दोघंही खोकत होते.

“मला सोड,” तो म्हणाला. “जा तू.”

“नाही.”

“मग हुंदके तरी देऊ नकोस. त्यानं हवा जास्त लागते.”

आपण रडतोय हे तिला तेव्हा समजलं.

सहाव्या मजल्याच्या वळणावर खालून दिव्यांचे झोत आले. मुखवटे घातलेले चार बंबवाले. दोघांनी म्हाताऱ्याला अलगद उचललं, एकानं डेनीसच्या तोंडावर मुखवटा दाबला, आणि पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. ओल्या पायऱ्या, कुणाचे तरी बूट, बाहेरचा गार उजेड, आणि ओसागी वही छातीशी धरून म्हणत होता, “सगळे आले, मॅडम. सगळे.”

कुणी मेलं नाही. आग चौथ्या मजल्यावरच विझवली. विल्फ डगलबीची न्हाणी मात्र छतापासून जमिनीपर्यंत काळीठिक्कर झाली होती. बंबाचा अधिकारी म्हणाला, आणखी दहा मिनिटं तो घरात राहिला असता, तर जिवंत सापडला नसता.

इमारत रिकामी केली. पुढं चौकशी बसली. वकिलानं डेनीसला सुचवलं होतं की दोष ठेकेदारावर टाका, फसवणूक तर त्याचीच. तिनं ठेकेदाराबद्दल सांगितलं आणि मग स्वतःहून पुढचंही सांगितलं, एकही फळी उघडली नव्हती ते. तिची नोकरी गेली. रसेलनं तिच्या बाजूनं दोन शब्द सांगितले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

साक्षीच्या दिवशी विल्फ डगलबी मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आता तो बहिणीकडे राहत होता, एका बैठ्या घरात. संपल्यावर ती बाहेर आली तर तो बसच्या थांब्यावर होता. ती पलीकडून जायला लागली, तशी त्यानं काठी आपटली.

“मी तुला माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“पाच वर्षं मी त्या कागदाच्या भरवशावर झोपलो. अंगावर काटा येतो आठवलं की. रात्री दोनदा उठतो न्हाणीघर बघायला.”

“मीही उठते,” डेनीस म्हणाली.

तो बाकावर थोडा सरकला.

“बस येईपर्यंत बस इथं,” तो म्हणाला. “उभी राहिलीस की मलाच धाप लागते.”

ती बसली. दोघांत वीतभर अंतर होतं. बस वीस मिनिटं उशिरा आली.